वाचक विचारतात : फोनवरून गेट उघडायचं आहे

मागच्या वेळी सरकत्या गेटच्या मोटारींबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय आहे: रिमोट वेळेवर सापडत नाही, फोन मात्र सतत हातात असतो, तर फोनवरूनच गेट उघडेल का? उघडतं. मी १९ वर्षं नाशकात हेच काम करते. दीर अंबडच्या शेडमध्ये गेट घडवतात. मोटार, बोर्ड आणि वायरिंग माझ्याकडे. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना उत्तर लांब दिलंय, कारण बाकीच्या बऱ्याच जणांच्या शंका त्यातच येऊन जातात.

माझं वय ६८. बंगल्याला १४ फुटी सरकतं गेट आहे, चार वर्षांपूर्वी त्याला मोटार बसवली. दोन रिमोट होते, त्यातला एक हरवला. गुडघ्यांमुळे दर वेळी बाहेर जाणं होत नाही. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, फोनवर घे, मी इथूनही उघडून देत जाईन. इथले इलेक्ट्रिशियन म्हणतात, त्यासाठी मोटारच बदलावी लागेल. खरंच का? — एक वाचक, गंगापूर रोड

काकू, मोटार बदलू नका. तुमच्या मोटारीच्या पेटीचं झाकण काढलं की आत एक बोर्ड दिसेल आणि त्याच्या कडेला स्क्रूंची एक रांग. त्या रांगेत ‘कॉमन’ आणि आसपास ‘स्टार्ट’, ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘स्टॉप’ अशी नावं छापलेली असतात. काही बोर्डांवर ‘स्टार्ट’ऐवजी ‘पीपी’ किंवा ‘एसबीएस’ लिहिलेलं असतं. कॉमन आणि स्टार्ट हे दोन स्क्रू क्षणभर एकमेकांना जोडले की गेट चालू लागतं. भिंतीवरचं साधं बटणही एवढंच करतं. आणि फोनवरून गेट उघडणारी कुठलीही वस्तू, ती वायफायची असो, सिमकार्डाची असो की ब्लूटूथची, तीसुद्धा एवढंच करते: निरोप आला की दोन स्क्रू क्षणभर जोडते आणि सोडते. गेट किती जोरात सरकायचं, कुठे थांबायचं, मध्ये कुणी आलं तर काय करायचं, हे सगळं तुमचा जुना बोर्डच ठरवतो. त्यामुळे तो बोर्ड आणि त्याचे सेन्सर धड असतील तर वर फोनची सोय करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

वायर कुठल्या स्क्रूवर लावायची, यात मात्र बहुतेक जण घाई करतात. सरसकट ‘स्टार्ट’वर लावून मोकळे होतात. स्टार्टची रीत अशी असते की पहिल्यांदा दाबलं की गेट उघडायला लागतं, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतं, तिसऱ्यांदा दाबलं की बंद व्हायला लागतं. हातातल्या रिमोटला ते चालतं, कारण रिमोट लगेच लागतो. फोनचा निरोप इंटरनेटवरून फिरून येतो, त्याला कधी एक सेकंद लागतो, कधी सहा. माणूस वाट बघतो, गेट हललं नाही म्हणून पुन्हा दाबतो, आणि दोन्ही निरोप पाठोपाठ पोचतात. गेट हातभर सरकून थांबतं. मग तिसऱ्यांदा दाबलं जातं आणि ते आपल्यासमोरच बंद व्हायला लागतं. म्हणून मी फोनची वायर ‘ओपन’वर लावते आणि गेट आपोआप बंद होण्याची वेळ बोर्डावर लावून देते. मग फोनवर चार वेळा दाबलं तरी गेट फक्त उघडतं.

आता एक नुकसान सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही. मी वायफायचे स्विच लावायला लागले तेव्हा इंदिरानगरच्या एका घरी पंखा-दिव्यासाठी मिळतो तसा स्विच गेटला लावला. तो स्विच चालू झाला की त्याच्या दुसऱ्या टोकाला २३० व्होल्ट येतात, कारण त्याला दिवा लावायचा असतो. गेटच्या बोर्डावरच्या त्या दोन स्क्रूंना बाहेरून वीज अजिबात द्यायची नसते, नुसती जोड द्यायची असते. फोनवर दाबलं आणि बोर्डातून धूर आला. नवा बोर्ड मी माझ्या पैशानं घालून दिला. दुकानात मागताना ‘ड्राय कॉन्टॅक्ट’ असलेला मॉड्यूल मागा, म्हणजे फोनचा निरोप आला की वीज न देता नुसती जोड देणारी वस्तू. आणि इलेक्ट्रिशियनला सांगा की गेटला जोडण्याआधी माझ्यासमोर मीटर लावून दाखवा: मॉड्यूल चालू असो की बंद, त्या दोन टोकांवर व्होल्टेज शून्य दिसलं पाहिजे, आणि चालू केल्यावर मीटरचा बीप वाजला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

जोडल्यावर ॲपमध्ये दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे मॉड्यूल दाबल्यावर आपोआप सुटलं पाहिजे. काही ॲपमध्ये याला ‘इंचिंग’ म्हणतात. तिथे एक सेकंद लावा. ते लावलं नाही तर जोड तशीच धरून राहते, आणि गेट उघडंच्या उघडं राहतं, रिमोटलाही ऐकत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती मी दर वेळी स्वतःच्या डोळ्यांनी तपासते: लाईट जाऊन परत आल्यावर मॉड्यूलनं काय करायचं. तिथे ‘ऑफ’ असलं पाहिजे. पाथर्डी रोडच्या एका घरी दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं मॉड्यूल होतं आणि ही सेटिंग ‘ऑन’वर राहिली होती. रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली, थोड्या वेळानं आली आणि लाईटबरोबर गेटही उघडलं. घरात तिघं झोपलेले. पहाटे दूधवाल्यानं बेल वाजवून सांगितलं, ताई, गेट सताड उघडं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते-येते हे तुम्हाला सांगायला नको. बसवून झालं की मेन स्विच पाडून पुन्हा वर करा आणि गेट हलत नाही ना ते बघा.

वायफाय गेटपर्यंत पोचतं का, हे खरेदीच्या आधी बघायचं. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, मोटारीपाशी उभ्या राहा आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावून बघा. अडखळला तर मॉड्यूलही अडखळणार, कारण तो लोखंडी गेटच्या आड, पेटीच्या आत बसणार आहे. बहुतेक मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ वर चालत नाहीत. राउटरमध्ये दोन्हीची नावं वेगळी असतील तर २.४ चं नाव निवडायचं. आणि बाहेरून येताना एक अडचण हमखास येते. गेटपाशी येता येता फोन घरचं अर्धमेलं वायफाय पकडतो आणि मोबाईल नेट सोडतो, मग ॲप नुसतं फिरत राहतं. तेव्हा फोनचं वायफाय बंद केलं की गेट लगेच उघडतं.

मुलानं पुण्याहून गेट उघडून देण्याबद्दल. त्याची काळजी मला कळते, माझीही आई सिन्नरला एकटी असते. पण न दिसणारं गेट हलवायचं नाही, यात मी सूट देत नाही. १४ फुटी लोखंडी गेटचं वजन दोन-तीनशे किलोंच्या घरात सहज जातं. गेटवर एखादं पोर लोंबकळत असेल, कामवाल्या मावशी ट्रॅकमधला कचरा काढत असतील, तर पुण्यात ते दिसत नाही. आधी गेटवर कॅमेरा बसवा, आणि मुलानं कॅमेऱ्यात बघून मगच दाबावं. शिवाय फोटोसेल चालू असलाच पाहिजे. गेटच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर डोळ्यासारखी ती जोडी असते. तिची रेघ तुटली की बंद होणारं गेट थांबून मागे फिरतं. बऱ्याच घरी ती जोडी खांबावर दिसते, पण आत बोर्डावर तिला जंपर टाकून गप्प केलेलं असतं. कारण एकदा काचेवर धूळ बसली, गेट बंद होईना, आणि आलेल्या माणसानं घाईत वायरचा तुकडा घालून दिला. आज संध्याकाळी बघा: गेट बंद होत असताना कुणालातरी एक उंच पुठ्ठ्याचा खोका फोटोसेलच्या रेघेत ठेवायला सांगा. गेट फिरलं नाही तर फोनचा विचार बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा. फोटोसेल चुकला तर दुसरा आधार म्हणजे अडथळा लागल्यावर मोटारीनं स्वतः मागे फिरणं. युरोपातल्या मानकानुसार गेटची कड माणसाला दाबत असेल तर तो जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, म्हणजे सुमारे ४० किलोंचा भार, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत सुटला पाहिजे. आपल्याकडे गेट ट्रॅकमध्ये अडकतं म्हणून हा जोर सरळ शेवटपर्यंत वाढवून ठेवतात. ट्रॅक साफ करा, चाकं बदला, जोर वाढवू नका.

आणि काकू, तुम्ही घरात असताना गेट उघडण्यासाठी फोनची गरज नाही. तुमच्या पलंगाजवळ आणि स्वयंपाकघरात एकेक बेलचं बटण लावून घ्या, दोन तारांची वायर गेटपर्यंत नेली की झालं. त्याला नेट लागत नाही, चार्जिंग लागत नाही, चष्मा लागत नाही. बाहेर कोण आलंय ते बघायला व्हिडिओ डोअरफोन लावा. फोनची सोय मुलासाठी आणि तुम्ही बाहेरून रिक्षानं येता तेव्हासाठी ठेवा. हरवलेला रिमोट बोर्डातून पुसून टाका, ते कसं ते खाली एका ताईंना सांगितलंय.

द्राक्षबागेत घर आणि शेड आहे, रस्त्याकडेला दोन पल्ल्यांचं मोठं गेट. वायफाय नाही. तोडणीच्या दिवसांत पिकअप, ट्रॅक्टर, मजूर यांची सारखी ये-जा, मी बागेच्या दुसऱ्या टोकाला. मिस्ड कॉल दिला की गेट उघडतं असं ऐकलं. ते भरवशाचं असतं का? — एक वाचक, दिंडोरी तालुका

भाऊ, तुमच्यासाठी हेच योग्य आहे आणि मी दिंडोरी, निफाड भागात हेच जास्त लावते. सिमकार्ड घालायचं एक छोटं मॉड्यूल मिळतं. त्यात ज्यांना गेट उघडू द्यायचं त्यांचे नंबर भरायचे. त्यातल्या नंबरवरून फोन आला की मॉड्यूल नंबर ओळखतं, फोन न उचलता कट करतं आणि गेटला निरोप देतं. फोन उचललाच जात नाही म्हणून पैसे पडत नाहीत, आणि स्मार्टफोन नसलेल्या माणसाच्या साध्या फोनवरूनही गेट उघडतं. यादीत नसलेल्या नंबरकडे ते लक्ष देत नाही, त्यामुळे जाहिरातीच्या फोननं गेट उघडत नाही.

घेताना एकच गोष्ट घट्ट धरून ठेवा: ४जी आणि व्होल्टे (म्हणजे ४जीवरूनच फोन लागणं) चालणारं मॉडेल घ्या. बाजारात अजून जुनी २जी मॉड्यूल स्वस्तात मिळतात. जिओचं २जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम घातलं तर ते कधीच नेटवर्क धरत नाही. दोन ठिकाणी मला लोकांनी नवं कोरं मॉड्यूल खराब निघालं म्हणून बोलावलं आणि प्रत्यक्षात एवढंच होतं. आधी गेटपाशी उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज चांगली येते ते बघा आणि तेच सिम घ्या. पेटी पत्र्याची असेल तर अँटेना पेटीच्या बाहेर काढावी लागते. सिम आधी साध्या फोनमध्ये घालून त्याचा पिन लॉक काढून टाका, आणि मॉड्यूलबरोबर येणारा १२३४ सारखा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. त्या पासवर्डनं कुणीही एसएमएस करून स्वतःचा नंबर यादीत घालू शकतं. रिचार्ज संपला की काही दिवसांत येणारे फोनही बंद होतात, म्हणून वर्षभराचा रिचार्ज मारून तारीख शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. ऐन तोडणीत गेट बंद पडल्याचे मला जे फोन येतात, त्यात रिचार्ज संपलेला असणं हे मोठं कारण असतं.

दुसरं कारण म्हणजे दोन सिमचे फोन. यादीत पहिल्या सिमचा नंबर असतो आणि ड्रायव्हर दुसऱ्या सिमवरून फोन लावतो. नंबर घेताना दोन्ही घ्या. आणि गेटच्या सिमचा नंबर फलकावर किंवा ग्रुपवर टाकू नका. इंटरनेटवरून दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करणं शक्य असतं. तसं करायला गेटचा नंबर आणि यादीतला एक नंबर दोन्ही माहीत लागतात, म्हणून त्यातला एक तरी आपल्या माणसांपुरता राहू द्या. हंगाम संपला की मजुरांचे आणि पिकअपवाल्यांचे नंबर पुसायचे. त्यांच्यावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही; फोन विकले जातात, नंबर दुसऱ्याला मिळतात.

तुमच्याकडे शेतीची थ्री फेज पाळीनं येते, तेव्हा गेट घराच्या सिंगल फेजवर घ्या आणि मोटार २४ व्होल्टची, बॅटरीवर चालणारी घ्या. बॅटरीचा हिशोब इथे लिहिते, कारण विक्रेते तो अर्धाच सांगतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की १६८ वॉट-अवर मिळतात. मोटारी चालताना मिळून १५० वॉट घेतात आणि एका बाजूला जायला २० सेकंद लागतात असं धरलं, तर एकदा उघडून बंद करायला दोन वॉट-अवरसुद्धा लागत नाहीत. म्हणजे कागदावर शंभर वेळा. पण बोर्ड, फोटोसेल आणि सिमचं मॉड्यूल मिळून ८ वॉट सतत खात असतील, तर एका दिवसात १९२ वॉट-अवर नुसतं जागं राहण्यातच जातात. गेट एकदाही न उघडता बॅटरी संपते. लाईट दिवसभर जात असेल तर मोठी बॅटरी किंवा छोटं सोलर पॅनल लावा. आणि लाईट, बॅटरी दोन्ही संपल्यावर मोटार हातानं सोडवायची चावी असते, ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. दोन पल्ल्यांच्या गेटला मोटारीही दोन असतात, दोन्ही सोडवाव्या लागतात.

शेवटचं ट्रॅक्टरबद्दल, आणि यासाठीच तुमचं पत्र निवडलं. ट्रॅक्टर पुढे गेला की त्याच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये नुसती दांडी असते. फोटोसेलची रेघ दांडीच्या वरून किंवा खालून आरपार जाते आणि गेटला वाटतं रस्ता मोकळा झाला. मागच्या फेब्रुवारीत एका बागेत गेट बंद होण्याची वेळ १० सेकंद होती. ट्रॅक्टर चढावर थांबला, दांडी बरोबर रेघेपाशी, आणि दोन्ही पल्ले ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर येऊन आपटले. क्रेटच्या ढिगावर बसलेला मुलगा खाली पडला. त्याच्या कोपराला सहा टाके पडले. त्या दिवसापासून शेतातल्या गेटला मी फोटोसेलच्या दोन जोड्या लावते, एक ५० सेंटिमीटरवर आणि एक ट्रॉलीच्या फळीच्या उंचीवर, आणि यातली दुसरी जोडी गेटच्या आतल्या बाजूला चार-पाच फुटांवर. बंद होण्याची वेळ एक मिनिटाच्या वर ठेवते. तोडणीच्या दिवसांत तर आपोआप बंद होणं दिवसा काढूनच टाका आणि संध्याकाळी परत लावा.

४८ फ्लॅटची सोसायटी, प्रवेशाला बूम बॅरिअर (वर-खाली होणारा दांडा) आहे. काही सभासद म्हणतात प्रत्येकाच्या फोनवर ॲप द्या, काही म्हणतात फास्टॅग वाचणारं यंत्र लावा. सचिव म्हणून मी काय सुचवावं? — एक वाचक, पाथर्डी फाटा

चारचाकीसाठी फास्टॅग सुचवा. टोलनाक्यांवर तो १६ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाल्यामुळे काचेवर तो आधीच आहे. त्यात बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवर तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. सोसायटीचा रीडर फक्त तो क्रमांक यादीत आहे का हे बघतो. त्याचा बँकेशी संबंध नसतो, त्यामुळे पैसे कापले जातील ही सभासदांची भीती सभेतच दूर करा. रीडर असा वळवून घ्या की गेटजवळ उभ्या केलेल्या गाड्यांचे टॅग तो वाचणार नाही, नाहीतर दांडा दिवसभर वर-खाली करत बसेल.

दुचाकीला फास्टॅग नसतो. तिथे फोनचं ॲप देऊ नका, हे माझं स्पष्ट मत. चढावर गाडी तोलत, पावसात ओल्या बोटांनी फोन उघडायचा आणि मागे रांग लावायची, हे रोजचं होईल. दुचाकीला चिकटवायचे तसेच टॅग वेगळे मिळतात, ते द्या. फोन पाहुण्यांसाठी आणि पहारेकऱ्याला निरोप देण्यासाठी ठेवा. दांडा हातानं उचलायची चावी पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये, काचेच्या डब्यात. अग्निशमनची गाडी आली तर कुणाचा फोन शोधत बसायची वेळ येऊ नये.

माझा फोन बसमध्ये चोरीला गेला. त्यात आमच्या गेटचं ॲप उघडंच होतं. घरमालक म्हणतात कुलूप बदलतो तसं सगळं बदलावं लागेल. मला फार अपराधी वाटतंय. — एक वाचक, नाशिक रोड

ताई, अपराधी वाटून घेऊ नका, हे अर्ध्या तासात निस्तरतं. घरमालकांच्या फोनवरून ॲप उघडायचं, ‘मेंबर’ किंवा ‘शेअर’ या जागी तुमचं नाव असेल ते काढून टाकायचं. तुम्ही तुमच्याच खात्यानं वापरत असाल तर दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला आणि सगळ्या फोनवरून बाहेर पडण्याची सोय असेल ती वापरा. घरातल्या सगळ्यांनी एकच खातं वापरणं ही खरी चूक असते. मग एकाचा फोन गेला की सगळ्यांचं बदलावं लागतं. गेट मिस्ड कॉलवर उघडणारं असेल तर तुमचा नंबर यादीतून काढा आणि सिम बंद करून घ्या. पोलिसांकडे तक्रार नोंदवली की दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, जे २०२३च्या मे महिन्यात देशभर सुरू झालं, तिथे तुमच्या हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बंद करता येतो. पुढच्या फोनवर गेटच्या ॲपला वेगळं लॉक लावा.

याच निमित्तानं घरमालकांना जुने रिमोटही बघायला सांगा. रिमोटच्या आत छोट्या पांढऱ्या स्विचांची रांग असेल तर तो कायम एकच कोड पाठवतो. १२ स्विच असले तरी ४०९६ जोड्याच होतात, आणि सॅमी कमकर या अमेरिकन संशोधकानं २०१५ मध्ये मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून असे कोड काही सेकंदांत संपवून दाखवले होते. ‘रोलिंग कोड’चे रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतात, ते घ्या. हरवलेला एकच रिमोट बहुतेक बोर्डांतून वेगळा काढता येत नाही. बोर्डावरचं ‘लर्न’ बटण बराच वेळ दाबून सगळे पुसायचे आणि हातात आहेत तेवढे पुन्हा शिकवायचे. भाडेकरू बदलला की दर वेळी हे करायला हवं.

दोन महिन्यांपूर्वी फोनवरून उघडायचं मॉड्यूल लावलं. पाऊस सुरू झाल्यापासून गेट रात्री आपोआप उघडतं. कुणी हॅक केलं असेल का? घरात सगळे घाबरलेत. — एक वाचक, सिडको

आधी ॲपमधली नोंद बघा. कोणत्या वेळी कुणी दाबलं ते तिथे राहतं. गेट उघडलं त्या वेळेची नोंद तिथे नसेल तर फोनचा दोष जवळजवळ नाहीच. मग मॉड्यूलच्या दोन वायरी बोर्डावरून सोडवून एक रात्र तसंच ठेवा. तरीही गेट उघडलं तर बाहेरचं काहीतरी ते दोन स्क्रू जोडतंय.

गेल्या जुलैत तुमच्याच भागात मी अशी एक पेटी उघडली होती. झाकण काढलं तर आतला वास ओल्या मातीचा. वायरी येतात त्या भोकाला बूच नव्हतं आणि तिथून काळ्या मुंग्यांची रांग आत गेलेली. बोर्डावर रिलेच्या (मोटार चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचच्या) खाली त्यांनी बारीक माती आणून घर केलं होतं, पांढरी अंडी तांदळाच्या कणीसारखी स्क्रूंच्या मध्ये भरलेली. ती माती ओली झाली की कॉमन आणि स्टार्ट यांच्यामध्ये वीज झिरपायची आणि गेट चालू व्हायचं. ब्रशनं सगळं काढलं, बोर्ड साफ करून वाळवला, भोकाला रबरी ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणारं बूच, बसवली. कापूस किंवा चिंधी कोंबू नका, ती पाणी धरून ठेवते. पेटी जमिनीला टेकलेली असेल तर खाली दोन विटांचा ओटा करून घ्या.

तुमच्याकडे मुंग्या नसतील तर बाहेरच्या खांबावरचं बटण बघा. घरात लावायचं बेलचं बटण बाहेर लावलेलं असतं, पावसाचं पाणी आत जातं आणि आतल्या दोन पत्र्या पाण्यानं जोडल्या जातात. दिवसा ऊन पडलं की वाळतं आणि दोष सापडत नाही, म्हणूनच ते फक्त रात्री होतं असं वाटतं. पाण्यात टिकणारं, रबरी टोपीचं बटण आणा. ते मिळेपर्यंत मेन स्विच पाडून जुन्या बटणाच्या दोन वायरी बोर्डावरून काढा, टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा आणि पेटी बंद करा. गेट तोवर रिमोटवर चालेल.